सलग २८ पराभव: व्यावसायिक संघ हरतो कोठे आणि सावरतो कशामुळे

लातूरहून एका महाविद्यालयीन खेळाडूने विचारले आहे: "सर, अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधला डेट्रॉइट पिस्टन्सचा संघ २०२३-२४ च्या हंगामात सलग २८ सामने हरला. एवढा पैसा, एवढे प्रशिक्षक, जगभरातून निवडून आणलेले खेळाडू असताना व्यावसायिक संघ इतका कसा हरू शकतो? पुढच्या वर्षी चांगला खेळाडू मिळावा म्हणून हे लोक मुद्दाम हरतात का? आणि त्याच संघाने पुढच्या हंगामात ४४ सामने जिंकले ते कसे? आमचा क्लबही यंदा सारखा हरतो आहे. कोच बदलायला हवा, असे मुलांचे म्हणणे आहे."

प्रश्न चांगला आहे आणि त्याचे शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी छत्रपती संभाजीनगरात गेली जवळजवळ तीस वर्षे मुलांना बास्केटबॉल शिकवतो आहे. डेट्रॉइटला संध्याकाळी सात वाजता सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेपाचला लागतो आणि नेमकी तीच माझी कोर्टवर जाण्याची वेळ असते. त्यामुळे त्या हंगामातले सामने मी दुपारी, निकाल आधीच ठाऊक असताना पाहिले. निकाल ठाऊक असला की बॉलकडे फारसे लक्ष जात नाही, बॉल हातात नसलेले चार जण काय करत आहेत ते दिसू लागते. माझे आजचे उत्तर बरेचसे त्या चार जणांविषयी आहे.

आधी घडले काय ते थोडक्यात सांगतो. हा काही मुळातच पडका संघ नव्हे. १९८९, १९९० आणि २००४ अशी तीन विजेतेपदे त्याच्या नावावर आहेत. २०२२-२३ मध्ये मात्र तो १७ जिंकून ६५ हरला होता, म्हणून जून २०२३ मध्ये माँटी विल्यम्स यांना सहा वर्षांसाठी प्रशिक्षक नेमले गेले. त्या कराराची रक्कम ७ कोटी ८५ लाख डॉलर असल्याच्या बातम्या होत्या. विल्यम्स हे नवखे गृहस्थ नव्हते. फिनिक्सचा संघ २०२१ मध्ये त्यांनी अंतिम फेरीपर्यंत नेला होता आणि २०२२ मध्ये वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षकाचा मान त्यांना मिळाला होता. हंगामाची सुरुवातही वाईट नव्हती, कारण पहिल्या तीन सामन्यांत दोन विजय होते. त्यानंतर ३० ऑक्टोबरला ओक्लाहोमा सिटीकडून हार झाली आणि तेथून २८ डिसेंबरला बॉस्टनमध्ये जादा वेळेत १२८-१२२ असा पराभव होईपर्यंत एकही विजय मिळाला नाही. ३० डिसेंबरला टोरंटोला १२९-१२७ असे हरवले तेव्हा ही साखळी तुटली. एकाच हंगामात सलग इतके सामने हरलेला दुसरा संघ त्या लीगच्या इतिहासात तोवर नव्हता. फिलाडेल्फियानेही २८ पराभव ओळीने पाहिले होते, पण ते २०१५ मधल्या दोन हंगामांत विभागलेले होते. डेट्रॉइटचा हंगाम १४ विजय आणि ६८ पराभवांवर संपला, संघाच्या इतिहासातील सर्वांत वाईट म्हणून.

आता कारणांकडे वळू. सर्वांत मोठे कारण मैदानावरच्या मोकळ्या जागेचे आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

त्या संघाचा आधार केड कनिंगहॅम हा होता. २०२१ च्या ड्राफ्टमधला, म्हणजे संघांनी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेतला, पहिला खेळाडू, उंच बांध्याचा पॉइंट गार्ड (डाव चालवणारा खेळाडू), वय २२. त्याच्या खेळाचा गाभा असा की, जेलन ड्युरेनसारख्या धिप्पाड सेंटरने (रिंगजवळ खेळणाऱ्याने) त्याला आडोसा द्यायचा, म्हणजे त्याच्या रक्षकाच्या वाटेत उभे राहायचे, केडने त्या आडोशावरून आत घुसायचे आणि मग स्वतः फेकायचे, ड्युरेनला वर बॉल द्यायचा किंवा कोपऱ्यात उभ्या असलेल्या साथीदाराला पास करायचा. हा डाव जगातला प्रत्येक संघ खेळतो आणि आपल्याकडे गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात सोळा वर्षांची मुलेही खेळतात. त्याचे यश मात्र बॉल हाताळणाऱ्या दोघांवर अवलंबून नसते. ते उरलेल्या तिघांवर अवलंबून असते. कोपऱ्यातला खेळाडू लांबून नेम साधणारा असेल, तर त्याचा रक्षक त्याला सोडून आत येऊ शकत नाही. तो नेमबाज नसेल, तर रक्षक बिनधास्त रिंगखाली येऊन उभा राहतो आणि घुसणाऱ्या खेळाडूला समोर एकाऐवजी तीन माणसे दिसतात.

डेट्रॉइटच्या पहिल्या पाचांत त्या वर्षी ऑसर थॉम्पसन हा नवा, अतिशय चपळ आणि बचावात उत्तम असलेला खेळाडू होता, पण त्याच्या तीन गुणांच्या फेकी शंभरात १९ देखील पडत नव्हत्या. किलियन हेजवरही कोणी लांबून विश्वास ठेवत नव्हते. लांबून हमखास फेकणारा बोयान बोग्दानोविच पोटरीच्या दुखापतीमुळे डिसेंबरच्या आरंभापर्यंत बाहेर होता आणि अनुभवी पॉइंट गार्ड माँटे मॉरिसही जायबंदी होता. नोव्हेंबरमधला कोणताही सामना लावून चित्र थांबवा, म्हणजे तुम्हांला दिसेल की केडने पहिला ड्रिबल टाकताच प्रतिस्पर्ध्यांचे दोन खेळाडू आपापल्या माणसाकडे पाठ करून रिंगखालच्या रंगीत पट्ट्यात पाय रोवून उभे आहेत. मग घाईचा पास जातो, तो कोणाच्या तरी हाताला लागतो आणि समोरचा संघ मोकळ्या मैदानावर धावत सुटतो. टर्नओव्हर झाला, म्हणजे फेकीआधीच बॉल गमावला, की वर्तमानपत्रात नाव केडचे छापून येते. खरे तर तो बॉल उन्हाळ्यात, खेळाडूंची यादी करणाऱ्या कार्यालयातच हातातून सुटलेला असतो.

माझे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर हेच आहे. व्यावसायिक संघाचा पराभवाचा हंगाम पहिला सामना सुरू होण्याआधी, माणसे जमवताना घडतो, कोर्टवर तो फक्त दिसतो. खेळाडू गुणी असणे आणि ते एकमेकांना पूरक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ड्युरेन आणि थॉम्पसन २० वर्षांचे, जेडन आयव्ही २१ चा, केड २२ चा, आणि आयझेया स्टुअर्टही त्याच पिढीतला. सगळे पहिल्या फेरीत निवडलेले, सगळे मेहनती. पण एकाच वयाची पाच मुले एकत्र ठेवली तर त्यांनी शिकायचे कोणाकडून? टाइमआउटमध्ये प्रशिक्षक जे सांगतो ते पुढच्या वीस सेकंदांत कोर्टवर दुसऱ्याला ओरडून आठवण करून देणारा माणूस लागतो. तो बहुतेक तिशीतला असतो आणि त्याला स्वतःचे गुण मोजण्याची गरज उरलेली नसते.

याचा पुरावा म्हणजे पुढचे वर्ष, पण त्याकडे जाण्याआधी प्रशिक्षकाचा हिशेबही मांडायला हवा, कारण विल्यम्स निर्दोष होते असे मी म्हणणार नाही. आयव्हीसारख्या वेगवान खेळाडूला त्यांनी सुरुवातीला बेंचवरून आणले आणि हेजला पहिल्या पाचांत ठेवले. पहिले पाचही जण एकदम बाहेर काढून पाचही बदली खेळाडू एकदम मैदानात उतरवण्याची त्यांची सवय मला त्या वेळीही समजली नाही आणि आजही समजत नाही. तुल्यबळ सामन्यात पाच बदली खेळाडूंनी चार मिनिटे खेळून दहा गुण गमावले, की तो सामना परत ओढून आणण्यात पहिल्या पाचांची सगळी ताकद जाते आणि शेवटच्या पाच मिनिटांत त्यांच्या पायांत काही उरत नाही. २६ डिसेंबरला ब्रुकलिनविरुद्ध केडने ४१ गुण केले आणि तरीही संघ ११८-११२ असा हरला. तो सलग २७ वा पराभव होता. बॉस्टनमध्ये तर अर्ध्या वेळेला डेट्रॉइटकडे मोठी आघाडी होती. हे सामने गुणवत्तेने गेले नाहीत. शेवटच्या मिनिटांत बॉल कोणाकडे जाणार, आडोसा कोण देणार आणि चुकला तर रिबाउंडला कोण जाणार हे पाच जणांना सारखे ठाऊक नव्हते, म्हणून ते गेले.

नशिबाचाही वाटा मोजून पाहू, कारण आकड्यांची भीती वाटू नये. संपूर्ण हंगामात हा संघ ८२ पैकी १४ म्हणजे सुमारे १७ टक्के सामने जिंकला. प्रत्येक सामन्यात हरण्याची शक्यता ८३ टक्के धरली, तरी ठरावीक २८ सामने ओळीने हरण्याची शक्यता दोनशेत एक एवढीच निघते. म्हणजे इतक्या दुबळ्या संघालाही मध्ये दोन-चार विजय मिळायला हवे होते. ती साखळी वगळली तर उरलेल्या ५४ सामन्यांत १४ विजय आणि ४० पराभव आहेत. हाही वाईटच हिशेब आहे, पण असे संघ त्या लीगमध्ये दरवर्षी दोन-तीन असतात. साखळी इतकी लांबली त्यात काही भाग योगायोगाचा, काही दुखापतींचा आणि उरलेला मनाचा आहे. घरच्या प्रेक्षकांनी डिसेंबरमध्ये "संघ विकून टाका" अशा घोषणा मालकांना उद्देशून दिल्या. त्या घोषणा ऐकत फ्री थ्रोच्या रेषेवर उभे राहणाऱ्या विशीतल्या मुलाचे खांदे कसे आवळतात, हे मुलांना शिकवणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

आता मुद्दाम हरण्याविषयी. खेळाडू मुद्दाम हरत नाही, ही गोष्ट मनात पक्की करा. त्याचा पुढचा करार त्याच्या स्वतःच्या आकड्यांवर ठरतो आणि हरणाऱ्या संघातला तळाचा खेळाडू पुढच्या वर्षी लीगबाहेरही जाऊ शकतो. प्रशिक्षकही हरत नाही, कारण पहिली नोकरी त्याचीच जाते. हरण्याची मुभा देते ते व्यवस्थापन. अनुभवी खेळाडू विकून टाकायचे, पहिल्या पाचांत कच्ची मुले ठेवायची, किरकोळ दुखण्याला मोठी विश्रांती द्यायची, हे त्यांचे मार्ग. लीग यावर डोळा ठेवून असते. एप्रिल २०२३ मध्ये शिकागोविरुद्धच्या सामन्यात प्रमुख खेळाडूंना बसवून ठेवल्याबद्दल डॅलसला साडेसात लाख डॉलर दंड झाला होता.

यामागचा विचार असा असतो की, तळाला गेलेल्या संघाला ड्राफ्टमध्ये आधी निवड मिळते. पण निवडीचा क्रम १९८५ पासून सोडतीने ठरतो, आणि २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या क्रमांकाची शक्यता सारखीच, प्रत्येकी १४ टक्के आहे. सर्वांत तळाचा संघ पाचव्या क्रमांकापर्यंत घसरू शकतो आणि तसे होण्याची शक्यता जवळजवळ ४८ टक्के असते. डेट्रॉइट २०२३ मध्ये सर्वांत तळाला होता, मिळाला पाचवा क्रमांक. २०२४ मध्ये पुन्हा सर्वांत तळाला होता, पुन्हा पाचवाच. दोन वर्षांत १३३ पराभव सोसून पदरात दोनदा पाचवी निवड पडली.

फिलाडेल्फियाने हे धोरण उघडपणे राबवले. २०१३ ते २०१६ या तीन हंगामांत त्यांनी अनुक्रमे १९, १८ आणि १० असे मिळून ४७ सामने जिंकले. त्या काळात मिळालेला जोएल एम्बीड पुढे लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला हे खरे, पण विजेतेपद तर सोडाच, त्याच्यासह तो संघ दुसऱ्या फेरीच्या पलीकडेही गेला नाही. याउलट सॅन अँटोनियोचे उदाहरण नेहमी दिले जाते. १९९६-९७ मध्ये डेव्हिड रॉबिन्सन जखमी झाल्याने ५९ सामने जिंकणारा संघ एकदम २० वर आला, सोडतीत टिम डंकन मिळाला आणि १९९९ मध्ये विजेतेपद आले. पण लोक विसरतात ते हे की, डंकन आला तो बांधलेल्या घरात आला. रॉबिन्सन दुसऱ्या वर्षी परतला होता आणि त्याच्याभोवती अनुभवी माणसे होती. त्याच सोडतीत बॉस्टनचा संघ १५ विजय आणि ६७ पराभवांसह सर्वाधिक आशेने बसला होता. त्याला तिसरा आणि सहावा क्रमांक मिळाला. तिसऱ्या क्रमांकावर त्यांनी निवडलेल्या चॉन्सी बिलप्सला पहिल्याच हंगामात दुसरीकडे पाठवले. तोच बिलप्स, ठेचा खात, संघ बदलत २००४ मध्ये डेट्रॉइटचा विजेता पॉइंट गार्ड आणि अंतिम फेरीतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. खेळाडू तोच, भोवतालची माणसे वेगळी. माझ्या दृष्टीने ड्राफ्टविषयी एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

आता २०२४-२५. डेट्रॉइटने जून २०२४ मध्ये विल्यम्स यांना दूर केले, कराराची पाच वर्षे बाकी असताना. संघबांधणीचे प्रमुखपद ट्रेजन लँग्डन यांच्याकडे गेले आणि प्रशिक्षक म्हणून जे. बी. बिकरस्टाफ आले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की प्रशिक्षक बदलला आणि संघ सुधारला. पण यादी नीट वाचा. केड, ड्युरेन, आयव्ही, स्टुअर्ट, थॉम्पसन हे सगळे तेच राहिले. आले ते टोबायस हॅरिस, टिम हार्डवे ज्युनिअर आणि मलिक बीझली. यांतले पहिले दोघे ३२ वर्षांचे, आणि तिघांतला कोणीही संघाचा तारा म्हणून आलेला नव्हता. फेब्रुवारीत डेनिस श्रोडर हा आणखी एक अनुभवी गार्ड त्यांना मिळाला. बीझलीने त्या हंगामात ३१९ तीन गुणांच्या फेकी साधल्या, शंभरात जवळजवळ ४२ या प्रमाणात. तीन गुणांची फेक शंभरात ४० पडली, तर दर फेकीला सरासरी १.२ गुण होतात. जवळून दोन गुणांसाठी फेकणाऱ्याला तेवढे मिळवायला शंभरात ६० पाडाव्या लागतात. म्हणून बीझली कोपऱ्यात उभा राहिला की त्याच्या रक्षकाचे पाय तेथेच बांधले जात, आणि आदल्या वर्षी तीन माणसांच्या भिंतीवर आपटणारा केड आता एकाला चुकवून थेट रिंगपाशी पोचू लागला. त्याची सरासरी २६ गुण आणि ९ असिस्टवर (साथीदाराला गुण मिळवून देणाऱ्या पासवर) गेली आणि लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार संघात तो आला. वर्षभरात त्याचा खेळ सुधारला हे आहेच, पण त्याला खेळायला जागा मिळाली हे त्याहून मोठे कारण आहे.

बचावाची बाजूही तेवढीच महत्त्वाची होती आणि तेथे बिकरस्टाफ यांचे श्रेय स्पष्ट दिसते. थॉम्पसन आणि स्टुअर्ट यांचा अंगभूत दांडगेपणा त्यांनी संघाची ओळख बनवला. बॉल गमावल्यावर कोण कोणाला धरणार हे ठरलेले असल्यामुळे मुले मागे धावताना एकमेकांकडे पाहत नव्हती.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात राहिली आहे. या नव्या हंगामाची सुरुवातही सलग चार पराभवांनी झाली होती. आदल्या वर्षीची आठवण ताजी असताना चार हार म्हणजे कोणीही घाबरून पहिले पाच बदलले असते. त्यांनी मूळ मांडणी मोडली नाही. पुढे १ जानेवारीला आयव्हीच्या पायाचे हाड मोडले, तरी संघ टिकला. ४४ विजय आणि ३८ पराभव, पूर्व विभागात सहावा क्रमांक, आणि एप्रिल २०२५ मध्ये न्यूयॉर्कला त्यांच्याच मैदानावर १००-९४ असे हरवून प्लेऑफमधली, म्हणजे ८२ सामन्यांनंतरच्या विजेतेपदाच्या फेऱ्यांमधली, सलग १५ पराभवांची जुनी साडेसातीही संपवली. ती मालिका ते ४-२ अशी हरले, पण १४ वरून ४४ म्हणजे एका वर्षात तिपटीहून अधिक विजय.

आपल्याकडच्या खेळाडूला हे सारे परके वाटते, त्याचे एक कारण आपल्या स्पर्धांच्या रचनेत आहे. आपली शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी वर चढते आणि बहुतेक सामने बाद पद्धतीने होतात. एक हार झाली की बॅग भरून एसटी पकडायची. आपला मुलगा हरून घरी येतो, हरत राहून खेळायचे कसे हे त्याला कोणी शिकवतच नाही, कारण तशी वेळच येत नाही. त्या लीगमध्ये सहा महिन्यांत ८२ सामने असतात, काल हरलेला संघ आज रात्री दुसऱ्या शहरात पुन्हा उभा असतो, आणि तळाला गेला म्हणून त्याला खालच्या लीगमध्येही ढकलत नाहीत. म्हणून तेथे चूक साचत जाते, आणि ती दुरुस्त करायला वेळही मिळतो. तुमचा क्लब साखळी स्पर्धा खेळत असेल, तर हा अनुभव आपल्या भागात दुर्मीळ आहे असे समजून त्याकडे पाहा.

ऑक्टोबर २०१९ मध्ये सॅक्रामेंटो आणि इंडियाना हे संघ मुंबईत वरळीच्या डोममध्ये दोन सामने खेळले. भारतात त्या लीगचे ते पहिलेच सामने होते. आम्ही काही जण देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून दुसरा सामना पाहायला गेलो. सॅक्रामेंटोला त्या वेळी १३ हंगाम प्लेऑफचे तोंड दिसले नव्हते. पुढे ते १६ झाले आणि २०२२-२३ मध्ये ४८ विजय मिळवून त्यांनी तो दुष्काळ संपवला. आमची मुले नावाजलेल्यांचे फोटो काढण्यात गुंतली होती. मी त्यांना दाखवला तो बेंचवरचा एक खेळाडू. सामन्याच्या कितीतरी आधी सहायक प्रशिक्षक त्याला एकाच कोपऱ्यात पास देत होता आणि तो एकच फेक पुन्हा पुन्हा फेकत होता. पाय त्याच जागी, बॉल पकडताना गुडघे आधीच वाकलेले, फेक झाल्यावर हात क्षणभर वरच. त्याला सामन्यात काही मिनिटेच मिळणार होती, आणि त्या मिनिटांत त्याला एवढेच काम करायचे होते. हरणाऱ्या संघातही प्रत्येकाचे काम इतके नेमके असू शकते, हे मुलांनी डोळ्यांनी पाहावे अशी माझी इच्छा होती.

आता तुमच्या क्लबविषयी. कोच बदलावा की नाही हे मी दुरून सांगणार नाही, पण माझ्या हातून झालेली चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका स्थानिक साखळी स्पर्धेत माझा संघ सलग सात सामने हरला. मी प्रत्येक पराभवानंतर पहिले पाच बदलत होतो आणि सामना चालू असताना चूक झाली की लगेच खेळाडू बाहेर काढत होतो. सातव्या सामन्यानंतर एका पालकांनी मोबाइलवर केलेले चित्रण मी घरी पाहिले. आमच्या गार्डचा सोपा ले-अप चुकतो, आणि बॉल रिंगवरून खाली येण्याआधीच तो मान वळवून बेंचकडे, माझ्याकडे पाहतो. त्या दीड-दोन सेकंदांत समोरचा खेळाडू त्याला मागे टाकून अर्धे मैदान ओलांडतो. मी चित्रण पुढे नेत गेलो, तर प्रत्येक जण तेच करत होता. माझ्या पाच मुलांचे डोळे खेळावर नव्हते, माझ्यावर होते, आणि ती सवय मीच लावली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्यानंतर दोन गोष्टी केल्या. पहिल्या सहा मिनिटांत चुकीसाठी कोणालाही बाहेर काढायचे नाही, हे मुलांसमोर बोलून ठरवले. आणि आमच्या जुन्या संघातला, वाळूजला शिफ्टमध्ये काम करणारा तिशी ओलांडलेला एक खेळाडू परत बोलावला. त्याचा वेग संपलेला होता आणि उडीही फारशी उरली नव्हती. पण बॉल त्याच्या हातात गेला की बाकीचे शांत होत, आणि बचावात तो सतत बोलत असे. "डावीकडे आडोसा", "मी आहे मागे", "सोड त्याला, तो फेकत नाही." आठवा सामनाही आम्ही हरलो, तीन गुणांनी. नववा जिंकलो. सिमेंटच्या कोर्टवर धुळीने पाय घसरतात म्हणून बूट पुसायला रेषेजवळ ओले फडके ठेवण्याची पद्धतही त्यानेच सुरू केली, आणि आजही आमच्या प्रत्येक सामन्याला ते फडके असते.

लातूरला तुमच्यापुढे आणखी एक अडचण असणार, ती मला ठाऊक आहे. शिकवण्यांच्या गावात संघ जिंकत असतो तोवर घरचे गप्प असतात, आणि सलग चार सामने हरले की "त्यापेक्षा दोन तास अभ्यास कर" हे वाक्य ऐकू येते. अकरावी-बारावीची मुले याच वेळी सरावाला यायची बंद होतात, मग उरलेल्या सात-आठ जणांवर संघ चालतो आणि पराभव वाढतात. डेट्रॉइटच्या मुलांना करार बांधून ठेवतो. तुमच्या मुलांना बांधणारे काही नाही. म्हणून सराव आठवड्याला सहा दिवस ठेवून निम्म्या हजेरीने चालवण्यापेक्षा तीनच दिवस ठेवा, पण त्या तीन दिवशी सर्व जण हजर राहतील असा शब्द मुलांकडूनच नव्हे, पालकांकडूनही घ्या.

कोचविषयी निर्णय घेण्याआधी पुढचे तीन सामने एका बदली खेळाडूला वही घेऊन बसवा. सगळे आकडे नकोत. फक्त शेवटच्या पाच मिनिटांत प्रत्येक वेळी बॉल कोणाच्या हातात होता, त्या क्षणी कोपऱ्यात कोण उभा होता, त्याचा रक्षक त्याच्याजवळ होता की आत सरकलेला होता, आणि शेवटी फेक झाली की बॉल गेला, एवढे चार रकाने. रक्षक दर वेळी आत सरकलेला दिसला, तर तुम्हांला नव्या कोचची नाही, कोपऱ्यातून फेकू शकणाऱ्या एका मुलाची गरज आहे, आणि तो बहुधा तुमच्या बेंचवरच बसलेला असेल. बॉल दर वेळी वेगळ्याच्या हातात आणि फेक घाईची दिसली, तर तुमच्या कोचशी बसून शेवटच्या पाच मिनिटांचा एकच डाव ठरवा आणि तोच पंधरा दिवस घोटा. आणि हे दोन्ही करूनही मुले चुकल्यावर बेंचकडेच पाहत असतील, तर मग कोचशी बोलायला हवे, आणि ते बोलणे संघातल्या सर्वांत मोठ्या मुलाने, एकट्याने, सराव संपल्यावर करावे.